पश्चिमेकडे तोंड असलेल्या सागवानी दाराला टिकाऊ संरक्षक लेप कोणता द्यावा?

पश्चिमद्वार

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या बैठ्या बंगल्याचे मुख्य दार पश्चिमेकडे उघडते. वडिलांनी १९८७ साली घर बांधताना भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये स्वतः उभे राहून सागवान निवडले होते आणि सुताराकडून दार अंगणातच घडवून घेतले होते. दार सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि चार पॅनेलचे आहे. पहिली पंचवीस वर्षे त्यावर पोर्चचे छप्पर होते, तोपर्यंत दाराला काही झाले नाही. पुढे मोटारीसाठी जागा करताना ते छप्पर काढावे लागले आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश करूनही दार पूर्वीसारखे राहत नाही.

सध्याची स्थिती अशी आहे की खालचा वीतभर भाग काळवंडला आहे, कुलपाच्या उंचीपासून खाली पॉलिशचे पापुद्रे सुटले आहेत, आणि नखाने उचलले तर ते कांद्याच्या सुक्या सालीसारखे अखंड निघून येतात. पापुद्र्याखालचे लाकूड तपकिरी न राहता राखाडी झाले आहे. वरच्या दोन पॅनेलवर मात्र चकाकी अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

मी तीन ठिकाणी विचारले आणि तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. एकाने पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) करा म्हणून सांगितले, दुसऱ्याने ऑइल पेंटशिवाय पर्याय नाही असे बजावले, तर तिसऱ्याने पुन्हा पॉलिशच सुचवले. वडील आता ८१ वर्षांचे आहेत आणि लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत, एवढीच त्यांची अट आहे. एप्रिलचा मध्य आहे, पाऊस तोंडावर आहे. जुना थर पूर्ण काढावा का, कोणता लेप द्यावा, आणि हे काम आता करावे की दिवाळीनंतर, याबद्दल ज्यांनी स्वतः असे काम केले किंवा करवून घेतले आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

---

रंधा_आणि_पटाशी

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, त्यामुळे लेपाचे नाव ठरवण्याआधी आपल्याला एक काम सांगतो. एक छोटा हातातला आरसा घ्या, दार अर्धे उघडा, आरसा दाराखाली फरशीवर ठेवा आणि त्यात दाराची खालची कडा पाहा. दहापैकी आठ घरांत ती कडा कोरी असते, कारण दार बसवल्यावर पॉलिशवाला येतो आणि त्याचा हात तिथे पोहोचत नाही.

दाराच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांची टोके खाली त्या कडेत उघडी पडतात. लाकडाच्या नळ्या तिथे आडव्या कापलेल्या असतात, म्हणून पाणी सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने त्यांतून वर चढते. आपल्याकडे रोज सकाळी उंबरठा धुण्याची आणि सडा घालण्याची पद्धत असेल, तर ते पाणी बारा महिने या टोकांना मिळत असते. खालचा वीतभर भाग काळा पडला आहे असे आपण लिहिले आहे, आणि माझा अंदाज असा आहे की ते पाणी बाहेरून आत गेलेले नसून खालून वर चढलेले आहे.

बाहेरून कितीही महागडा लेप दिला तरी खालून आलेली ओल त्या लेपाच्या पाठीमागे जाऊन त्याला ढकलून काढते. म्हणून दार बिजागऱ्यांवरून उतरवल्याशिवाय या कामाला हात घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

---

कर्वेनगरची_वाट

पीयूबद्दल माझा अनुभव लिहिते, कारण तो शब्द ऐकून मी एकदा फसले आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही घराचे फर्निचर करून घेतले, तेव्हा आतल्या कपाटांना जो पीयू वापरला त्यातला उरलेला मुख्य दारालाही मारला गेला. पहिले सहा महिने दार आरशासारखे दिसत होते आणि येणारा प्रत्येक जण कौतुक करत होता. पहिल्या मे महिन्यानंतर रंग पिवळसर झाला, दुसऱ्या पावसाळ्यात कडेला केसाएवढे तडे दिसू लागले, आणि तिसऱ्या वर्षी त्या तड्यांतून शिरलेल्या पाण्याने लेपाखाली ढगांसारखे पांढरट डाग पडले.

त्याहून मोठा त्रास तो काढताना झाला. फ्रेंच पॉलिश स्पिरिटने पुसले की निघते, पण हा थर ना स्पिरिटला दाद देत होता ना थिनरला, आणि दोन माणसांना केवळ घासण्यासाठी तीन दिवस लागले. नंतर मला कळले की पीयूमध्ये घरातला आणि बाहेरचा असे प्रकार वेगळे असतात आणि डब्यावर ते लिहिलेले असते. तेव्हा कुणी नुसते पीयू म्हटले तर कोणता पीयू, हा प्रश्न अवश्य विचारावा.

---

काळीमाती

आरशाची युक्ती आत्ताच करून पाहिली. आमच्या दाराची खालची कडा पूर्ण कोरी निघाली. रंधा_आणि_पटाशी यांचे मनापासून आभार.

---

आम्लअल्कली

मी लेपांच्या रसायनशास्त्राशी संबंधित कामात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे कर्वेनगरची_वाट यांच्या दाराचे असे का झाले आणि पश्चिमद्वार यांच्या दाराखाली लाकूड राखाडी का निघाले, हे सविस्तर सांगतो.

लाकडाचे तंतू एकमेकांशी जखडून ठेवणारा जो घटक असतो त्याला लिग्निन म्हणतात. उन्हातील अतिनील किरण या लिग्निनचे तुकडे करतात, पाऊस ते तुकडे धुऊन नेतो, आणि मागे उरतो तो सुटलेल्या तंतूंचा राखाडी थर. लेप पारदर्शक असेल तर ऊन त्यातून सरळ आरपार जाते. लेप वरून शाबूत दिसत असतानाच त्याच्या खालचे लाकूड झिजत असते, आणि ज्या तंतूंना लेप चिकटलेला आहे तेच सुटे झाले की अख्खा पापुद्रा निघून येतो. आपल्या कांद्याच्या सालीची मागची बाजू उन्हात धरून पाहा, तिला बारीक तंतू चिकटलेले दिसतील. लेप लाकडापासून सुटण्याआधी तिथले लाकूडच लाकडापासून सुटलेले असते.

पीयूचा एक घटक आयसोसायनेट असतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अ‍ॅरोमॅटिक प्रकार स्वस्त पडतो, पण उन्हात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. अ‍ॅलिफॅटिक प्रकार उन्हाला टिकतो आणि म्हणून बाहेरच्या कामासाठी तोच वापरतात. घरातल्या कपाटाला पहिला प्रकार पुरतो, दाराला पुरत नाही. फर्निचरला देतात त्या मेलामाइन लेपाचेही तसेच आहे, तो कडक होतो पण लाकडाबरोबर हलत नाही, त्यामुळे तो बाहेर वापरूच नये. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तिच्यावर पाणी साचले की पांढरे डाग येतात, म्हणून तीही घरातच शोभते.

पुण्यात पश्चिमेकडच्या दाराचे दुखणे दुहेरी आहे. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंतचे तिरपे ऊन त्याच्यावर पडते, आणि जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबरची झडही त्याच्यावरच येते. पूर्वेकडच्या दाराला यातले फक्त सकाळचे ऊन मिळते. म्हणून शेजाऱ्याच्या दाराला दहा वर्षे टिकलेला लेप आपल्याकडे टिकेलच असे नाही, दोन्ही दारांची दिशा पाहिल्याशिवाय ही तुलना करू नये.

---

हिरवी_चौकट

वरील माहितीवरून माझे मत आणखी पक्के झाले की बाहेरच्या दाराला ऑइल पेंटच हवा. रंगातील रंगद्रव्य ऊन अडवते, एवढे साधे आहे. आमच्या सहकारनगरच्या घराचे दार आणि खिडक्यांच्या चौकटी लहानपणापासून हिरव्या ऑइल पेंटच्या आहेत. दर पाच-सहा वर्षांनी पॉलिश पेपर मारून वरून एक हात दिला जातो आणि लाकूड आजही ठणठणीत आहे.

पद्धत मात्र नीट पाळावी लागते. आधी वुड प्रायमरचा एक हात द्यायचा, तो पूर्ण वाळल्यावर भेगांमध्ये लांबी (पुट्टी) भरायची, लांबी वाळली की घासून पुन्हा प्रायमर, आणि मग इनॅमलचे दोन पातळ हात. ऑइल पेंट हवेतील प्राणवायू घेऊन वाळतो, त्यामुळे एकच जाड हात दिला तर वर साय धरते आणि आतला रंग आठवडाभर मऊ राहतो. पहिला आणि दुसरा हात यांच्यात पूर्ण रात्र जाऊ द्यावी, रंगारी कितीही घाई करोत.

---

पेठी_खिडकी

आपणा सर्वांचा अभ्यास दांडगा आहे, परंतु एक प्रश्न मनात येतो. आमच्या कसबा पेठेतील जुन्या वाड्याचे दार माझ्या पणजोबांच्या काळापासून उभे आहे. त्याला ना पीयू माहीत होता ना इनॅमल. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले, आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या तरी दिल्ली दरवाज्याची अणकुचीदार खिळ्यांनी मढवलेली दारे आपण आजही पाहतो. मग जुन्या लोकांनी तेलावर भागवलेले असताना आपण या रसायनांच्या मागे का लागावे?

---

रंधा_आणि_पटाशी

पेठी_खिडकी, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच वाड्यात आहे. दाराबाहेर उभे राहून वर पाहा. जुन्या वाड्याचे दार भिंतीच्या बाहेरच्या रेषेत कधीच नसते, जाड भिंतीत हात-दीड हात आत घेतलेले असते आणि वर कमान किंवा पुढे आलेला सज्जा असतो. दिल्ली दरवाजा तर उत्तराभिमुख आहे आणि खोल कमानीच्या आत आहे, म्हणजे वर्षातील बहुतेक काळ त्याला सरळ ऊन लागतच नाही आणि झडही थेट येत नाही. शिवाय त्या फळ्यांची जाडी आजच्या दाराच्या कितीतरी पट असते.

जुन्या गवंड्याने आणि सुताराने मिळून जे काम वळचणीकडून करून घेतले, ते आपण डब्यातल्या लेपाकडून करून घ्यायला निघालो आहोत. म्हणूनच पश्चिमद्वार यांना माझा दुसरा आग्रह असा आहे की पोर्च परत बांधणे शक्य नसेल तर निदान दोन-अडीच फूट पुढे येणारा छोटा छज्जा दारावर बसवावा. मोटारीला त्याची अडचण होणार नाही.

---

कोकणवळचण

तेलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी नोकरीमुळे वारजे येथे राहतो आणि गावचे घर राजापूर तालुक्यात आहे. तिथे पुण्याच्या चौपट पाऊस पडतो, तरीही आमच्या दारांना बेलतेलाशिवाय (म्हणजे उकळलेल्या अळशीच्या तेलाशिवाय) काही लावलेले नाही. गणपतीला गावी गेलो की पाहतो, दार थोडे काळे पडलेले असते, पण त्याला पापुद्रा धरलेला नसतो, कारण तेल लाकडात मुरते आणि वर सुटण्यासारखा थरच राहत नाही. मे महिन्यात घासायचे, तेल चोळायचे आणि वीस मिनिटांनी फडक्याने जादा तेल पुसून घ्यायचे, एवढेच काम असते. बिघडले तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो, हा मोठा फायदा आहे.

मात्र दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. तेल दरवर्षी लावावे लागते, एक वर्ष चुकले तरी चालत नाही, आणि ओलसर सावलीत त्यावर बुरशी धरते. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेल्या फडक्यात ती साठून आपोआप आग लागू शकते. आमच्या पडवीत एकदा अशा फडक्यांच्या बोचक्यातून धूर निघाला होता आणि केवळ आई तिथे तांदूळ निवडत बसली होती म्हणून तो वेळेत दिसला. तेव्हापासून आम्ही फडकी पाण्यात बुडवतो किंवा एकेक उलगडून बाहेर दोरीवर वाळत घालतो.

---

चौथा_मजला

विषय लाकडी दाराचा आहे, तरी आमच्या सोसायटीत बहुतेकांची बाहेरची जाळीची दारे लोखंडी आहेत आणि तिथेही हाच घोळ होतो, म्हणून एक ओळ लिहितो. गंजावर सरळ रंग मारला जातो आणि वर्षभरात तो फुगतो. तारेच्या ब्रशने गंज पूर्ण काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर दिला पाहिजे, कारण उघडे लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीत पुन्हा लालसर होते.

---

बाळपाऊल

घासण्याच्या गोष्टी चालल्या आहेत आणि दार १९८७ चे आहे, म्हणून एक काळजी मांडते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांमध्ये, शिसे पुष्कळ असू शकते. हिरवी_चौकट यांच्या घरातील जुने थर घासताना हे नक्की लक्षात ठेवावे. पश्चिमद्वार यांच्या दाराला पॉलिशच असले तरी चौकटीला कधी रंग दिला होता का, हे पाहावे.

असा रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून वॉटर पेपरने घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, साधा रुमाल न बांधता धूळ अडवणारा मास्क लावावा, आणि काम संपेपर्यंत लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ती झाडल्याने आणखी पसरते, त्यामुळे फरशी ओल्या फडक्यानेच पुसावी.

---

हिरवी_चौकट

बाळपाऊल, हे मला खरोखरच माहीत नव्हते. पुढच्या महिन्यात आमच्या खिडक्यांचे काम काढणार होतो आणि घरात तीन वर्षांची नात आहे. आता ओले घासण्याचेच सांगेन, आणि ते आठ दिवस तिला तिच्या आजोळी ठेवेन.

---

पश्चिमद्वार

सर्वांचे आभार. दोन दिवसांत जे पाहिले ते सांगतो.

आरशात खालची कडा पाहिली. ती कोरी होती, एवढेच म्हणून भागणार नाही. डाव्या उभ्या पट्टीच्या टोकाला काळ्या सुतळीच्या शेंड्यासारखे तंतू लोंबत होते आणि पेचकस टेकवला तर तो नखभर आत गेला. ३५ वर्षांहून अधिक काळ रोज त्या दारातून जाऊनही आमच्यापैकी कुणी हे पाहिले नव्हते. दुसरे म्हणजे, चौकटीच्या वरच्या पट्टीत तोरणासाठी मारलेले अकरा खिळे मोजले. दसऱ्या-पाडव्याला अधूनमधून नवा खिळा मारला गेला, जुना कुणी काढला नाही, आणि प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचे काळे वलय आहे. आम्लअल्कली यांनी सांगितल्याप्रमाणे पापुद्रा उन्हात धरला, तर खरोखरच त्याच्या पाठीवर लाकडाची लव होती.

वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ऑइल पेंटला त्यांचा नकार कायम आहे. त्यामुळे रेषा दिसतील आणि ऊनही अडेल असे काही आहे का, आणि पाऊस येण्याआधी ते होईल का, एवढे दोनच प्रश्न उरले आहेत.

---

आम्लअल्कली

आहे. आपण तुळशी वृंदावनाला गेरू लावतो, त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि तो उन्हात सहसा उडत नाही. त्याच ऑक्साइडचे कण अतिशय बारीक केले की ते पारदर्शक होतात, दिसणारा प्रकाश पुष्कळसा आत सोडतात पण अतिनील किरण बऱ्याच अंशी शोषून घेतात. अशा रंगद्रव्याचा एक्स्टिरिअर वुड स्टेन मिळतो. तो आधी लाकडात मुरवून त्यावर बाहेरच्या वापराचा अ‍ॅलिफॅटिक पीयू दिला, तर रेषा दिसतात आणि लाकडालाही संरक्षण मिळते. अगदी बिनरंगी छटा मात्र घेऊ नका; मध्यम तपकिरी किंवा अक्रोडी छटा घ्या. फार गडदही नको, कारण पश्चिमेच्या उन्हात गडद दार हाताला चटका बसेल इतके तापते आणि त्याने सांधे ताणले जातात.

हंगामाबद्दल माझे मत आत्ताच करा असे आहे. लाकूड एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत कोरडे असते. पावसाळ्यात ओल प्यायलेले लाकूड लेपाने बंद केले, तर ती ओल आत कोंडली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड येतात. शिवाय पीयूचा हार्डनर (त्यात कालवायचा आयसोसायनेटचा भाग) हवेतील बाष्पाशीही अभिक्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, म्हणून पावसाळी हवेत हे काम करूच नये.

आपल्या दाराची दिशा इथे आपल्या उपयोगाला येते. पश्चिमेचे दार सकाळी सावलीत असते. आठ ते अकरा या वेळात हात द्यावा, म्हणजे दुपारचे ऊन पडेपर्यंत लेप धरलेला असेल. तापलेल्या लाकडावर ब्रश लावला तर थिनर उडून जाते आणि ब्रशचे ओरखडे तसेच राहतात. वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, त्या दृष्टीनेही सकाळच बरी.

---

रंधा_आणि_पटाशी

आम्लअल्कली यांच्या मताला पूर्ण अनुमोदन, आणि त्यात सुताराच्या बाजूने एक कारण जोडतो. पॅनेल खाचेत सैल बसवलेले असते, ते उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. पावसाळ्याच्या सुमारास पॉलिश केलेल्या दाराकडे मे महिन्यात पाहिले, तर पॅनेलच्या कडेने सुतासारखी कोरी पांढरट रेघ दिसते. तेवढा भाग आकसून बाहेर आलेला असतो आणि त्याला लेपच मिळालेला नसतो. मे महिन्यात काम केले की ती रेघ आपोआप झाकली जाते. फक्त लेप त्या खाचेत साचून पॅनेल चिकटणार नाही याची काळजी घ्या, कारण चिकटलेले पॅनेल मोकळे होण्यासाठी मधोमध फुटते.

कुजलेल्या टोकाचे असे करा. पटाशीने मऊ भाग खरवडून चांगल्या लाकडापर्यंत जा. नखभर कुजले असेल तर उभी पट्टी बदलण्याची गरज नाही, तेवढ्यापुरता सागाचाच तुकडा जोडता येतो. दार उतरवलेले असताना खालच्या आणि वरच्या कडेला पातळ केलेला लेप आधी पाजा, शोषला की पुन्हा द्या, आणि टोके पिणे थांबेपर्यंत देत राहा. खिळे सगळे काढा, भोकांत सागाच्या काड्या सरसाने ठोकून बसवा, आणि तोरणासाठी दोन्ही टोकांना एकेक पितळी हूक लावा. पितळेला गंज चढत नाही.

---

कर्वेनगरची_वाट

माझ्या दाराचे दुसऱ्यांदा काम करताना जे शिकले ते थोडक्यात जोडते. सागवान मुळात तेलकट असते आणि त्या तेलामुळे लेप नीट धरत नाही, म्हणून शेवटचे घासून झाल्यावर थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दार पुसून घ्यायचे आणि ते वाळताच त्याच दिवशी पहिला हात द्यायचा. घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून २२० पर्यंत जायचे आणि नेहमी रेषांच्या दिशेनेच घासायचे. आडवे घासले तर स्टेन लावल्यावर एकेक ओरखडा उठून दिसतो. दोन हातांच्या मध्ये ३२० ने हलके घासायचे. राखाडी भाग पूर्ण जाऊन खालचे मधाच्या रंगाचे लाकूड दिसेपर्यंत थांबायचे नाही, हे मी समोर खुर्ची टाकून बसून करवून घेतले.

पीयूचे दोन भाग एकत्र केले की काही तासांत ते डब्यातच घट्ट होतात, त्यामुळे लागेल तेवढेच कालवायचे. वाफेने माझे डोळे आणि घसा दोन दिवस चुरचुरत होते. आयसोसायनेटच्या वाफेने दम्याचा त्रास होऊ शकतो. वडील ८१ वर्षांचे आहेत, तेव्हा काम घराबाहेर अंगणातच करावे आणि काम करणाऱ्या माणसालाही योग्य मास्क द्यावा. तो आणत नाही म्हणून आपण न देणे बरोबर नाही.

---

हिरवी_चौकट

माझा ऑइल पेंटचा आग्रह मी सोडलेला नाही, परंतु वडिलांची इच्छा पाहता ही वाट योग्य वाटते. फक्त एक विनंती आहे. दर वर्षी पाडव्याच्या सुमारास दारावर ओंजळभर पाणी शिंपडून पाहा. पाणी मोत्यांसारखे थांबले तर लेप चांगला आहे, पसरून लाकडाचा रंग गडद झाला तर तिथे उघडे पडले आहे. चकाकी गेली पण लेप अखंड आहे, या टप्प्यावर नुसते घासून एक हात दिला की पुरते. पापुद्रे सुटेपर्यंत वाट पाहिली तर पुन्हा सगळे काढावे लागते.

---

पश्चिमद्वार

ऑक्टोबर महिना लागला आहे, म्हणून धागा वर आणून कळवतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुताराने दार उतरवले. त्या तीन रात्री दाराच्या जागी प्लायवूडची फळी लावून मी बाहेरच्या खोलीतच झोपलो. डाव्या पट्टीला चार बोटे उंचीचा सागाचा तुकडा जोडावा लागला. बोहरी आळीत तीन दुकाने फिरल्यावर बाहेरच्या वापराचा अ‍ॅलिफॅटिक पीयू आणि अक्रोडी स्टेन मिळाला. खालच्या कडेने पाच हात पिऊन घेतले तेव्हा कुठे ती तृप्त झाली. बाकी दाराला स्टेन आणि वर तीन हात दिले, रोज सकाळी एक याप्रमाणे, दोन हातांमध्ये ३२० ने घासून. शेवटच्या हातानंतर आठवडाभर दार पाण्याने पुसू दिले नाही. छज्जाही बसवला, दोन फुटांचा.

पावसाळा पार पडला. झड दारावर आलीच, छज्जा असूनही खालचा अर्धा भाग अनेकदा भिजला, परंतु दार एकदाही फुगून अडकले नाही. यापूर्वी जुलैमध्ये ते खांद्याने ढकलावे लागत असे. काल पुन्हा आरसा ठेवून पाहिले, कडा तपकिरी आणि कोरडी आहे. उणीव एकच राहिली: कुलपाच्या भोवती, जिथे पत्रा लाकडाला टेकतो, तिथे करंगळीच्या पेराएवढा भाग पांढरट झाला आहे. कुलूप न काढताच आम्ही लेप दिला होता. दसऱ्याचे तोरण मात्र हुकांवरच बांधणार आहोत.

---

रंधा_आणि_पटाशी

वाचून समाधान वाटले. कुलपाचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की करा. कुलूप पूर्ण काढा आणि भोकाच्या आतल्या बाजूलाही लेप द्या, कारण तिथेही लाकडाची टोके उघडी असतात. दाराची वरची कडा शिडीवर चढून पाहिली का?

---

पश्चिमद्वार

पाहिली. वरच्या कडेवर आपण सांगितल्याप्रमाणे लेप आहे आणि तो शाबूत आहे. कुलूप नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी काढतो आहे, ३२० नंबरचा पेपर आणि उरलेला स्टेन जपून ठेवला आहे; पीयू मात्र नव्याने कालवावा लागेल.